मुलांच्या वजनात वस्तीचा वाटा

२०२५ या एकाच वर्षात मुलांच्या खाण्यापिण्याशी संबंध असलेले दोन सरकारी निर्णय झाले. मे महिन्यात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या संलग्न शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावावयास सांगितले. कोणत्या पदार्थात किती साखर असते आणि किती साखर खाणे योग्य, हे विद्यार्थ्यांना त्या फलकावरून कळावे, अशी योजना आहे. मंडळाच्या परिपत्रकानुसार ४ ते १० वर्षांच्या मुलांना मिळणाऱ्या उष्मांकांपैकी १३ टक्के, तर ११ ते १८ वयोगटात १५ टक्के उष्मांक साखरेतून येतात. ते ५ टक्क्यांपर्यंतच असावयास हवेत. त्यानंतर चारच महिन्यांनी, २२ सप्टेंबरपासून, वस्तू व सेवा कराची फेररचना झाली. गोड शीतपेये ४० टक्क्यांच्या वरच्या टप्प्यात राहिली. परंतु बिस्किटे, चॉकलेटे, पाकीटबंद फरसाण आणि नूडल्स यांवरील कर १२ किंवा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. एका हाताने फलक टांगावयाचा आणि दुसऱ्या हाताने पाकीट स्वस्त करावयाचे, असा हा प्रकार झाला.

ही विसंगती उघड आहे. पण तिच्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, दोन्ही निर्णयांमागील कल्पना एकच आहे. मूल काय खाते आणि त्याचे वजन किती वाढते, हा ते मूल, त्याची आई आणि फार तर त्याचे शिक्षक यांच्या समजुतीचा व संयमाचा प्रश्न आहे, असे दोन्हींत गृहीत धरलेले आहे. मुलाला माहिती द्या, आईला समज द्या, म्हणजे झाले! दवाखान्यात मुलाला काट्यावर उभे केल्यावर डॉक्टरांची नजर काट्यावरून उठते ती सरळ आईकडे जाते. त्या काट्यामागे आणखी एक मोठी गोष्ट उभी असते, तिच्याकडे सहसा कोणी पाहात नाही. ती म्हणजे मुलाची वस्ती: घर आणि शाळा यांमधील रस्ता, कोपऱ्यावरचे दुकान, असलेले किंवा नसलेले मैदान.

सूज आणि बाळसे

प्रथम प्रश्नाचे आकारमान पाहावयास हवे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार, ५ ते १९ वयोगटातील लठ्ठ मुलांची संख्या भारतात १९९० साली सुमारे ४ लाख होती. २०२२ साली ती सुमारे सव्वा कोटी झाली. या तीन दशकांत मुलांची आनुवंशिक घडण बदललेली नाही, कारण ती इतक्या लवकर बदलत नसते. आयांची माया अचानक वाढली किंवा त्यांची अक्कल अचानक कमी झाली, असेही कोणी म्हणणार नाही. तेव्हा बदल झाला असेल तर तो मुलांच्या सभोवताली झाला आहे, हा निष्कर्ष टाळता येण्यासारखा नाही.

महाराष्ट्राचे चित्र तर दुहेरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत पाच वर्षांखालील १.९ टक्के मुलांचे वजन उंचीच्या मानाने अधिक आढळले होते. २०१९-२१ च्या फेरीत ते प्रमाण ४.१ टक्के झाले. त्याच काळात वयाच्या मानाने खुजी राहिलेली मुले ३४.४ टक्क्यांवरून ३५.२ टक्क्यांवर गेली, आणि उंचीच्या मानाने कृश मुलांचे प्रमाण २५.६ टक्क्यांवर होते तेथेच राहिले. म्हणजे तीन मुलांमागे एक खुजे आणि चारांमागे एक कृश असलेल्या राज्यात अतिवजनाचे प्रमाण दुपटीने वाढले.

यावर एक आक्षेप लगेच येईल. जेथे भुकेचा प्रश्न सुटलेला नाही, तेथे लठ्ठपणाची चर्चा हे सुखवस्तूंचे दुखणे नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु पुण्यातच झालेल्या संशोधनाने त्याला उत्तर देऊन ठेवले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील नवजात बालकांची मोजमापे घेऊन ती इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांशी ताडून पाहिली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गावांतील बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्रज बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. मात्र लहानखुऱ्या भारतीय बालकांमध्ये स्नायू जेवढे कमी होते, तेवढी त्वचेखालची चरबी कमी नव्हती. गर्भात उपासमार सोसलेले असे मूल पुढे स्वस्त उष्मांकांच्या आणि बैठ्या जीवनाच्या वस्तीत वाढले, तर मधुमेहाचा धोका त्याला अधिकच असतो. कुपोषण आणि अतिपोषण हे अशा रीतीने दोन वेगळ्या वर्गांचे दोन वेगळे प्रश्न राहात नाहीत. एकाच देहाच्या इतिहासातील ते दोन टप्पे ठरतात. सूज म्हणजे बाळसे नव्हे, ही आपल्याकडची जुनी समजूत शास्त्रदृष्ट्याही खरी निघाली, एवढाच त्याचा अर्थ.

किंमत कशाकशाची?

वस्ती मुलाच्या वजनावर परिणाम करते ती कशी, हे समजण्यास अर्थशास्त्रातील ‘किंमत’ ही कल्पना उपयोगी पडते. किंमत म्हणजे केवळ दुकानदाराच्या हातावर ठेवलेले पैसे नव्हेत. एखादी गोष्ट मिळविण्यासाठी लागणारा वेळ, पडणारे श्रम, पत्करावा लागणारा धोका आणि त्यापायी सोडून द्यावी लागणारी दुसरी गोष्ट, हे सारे किमतीतच मोडते. या अर्थाने खेळालाही किंमत असते.

चाळीला अंगण असेल तर सात वर्षांच्या मुलाच्या खेळाची किंमत जिना उतरण्याइतकीच असते. गॅलरीत तांदूळ निवडणाऱ्या आजीचे त्याच्यावर आपोआप लक्ष असते. त्यासाठी कोणाला वेगळा वेळ काढावा लागत नाही. त्याच मुलाचे घर उंच इमारतीत गेले, अंगणाच्या जागी मोटारी उभ्या राहिल्या, ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी जिन्याखाली लागली आणि मैदान चौपदरी रस्त्याच्या पलीकडे राहिले, म्हणजे त्या खेळाची किंमत एकदम बदलते. आता मुलाबरोबर एका मोठ्या माणसाला जावे लागते. कचेरी सुटल्यावर साडेसहाची गाडी पकडून साडेसातला घरी पोहोचणाऱ्या आईपाशी हा तास नसतो. म्हणून मूल घरात थांबते, हाती मोबाइल येतो आणि शेजारी पाकीट फुटते. यात आईची हेळसांड नाही. तिच्यापुढे ठेवलेल्या किमतींत तिने केलेली ती निवड आहे. आणि त्या किमती तिने ठरविलेल्या नाहीत.

मुलींच्या बाबतीत ही किंमत आणखी चढते. मैदान असले तरी ते बहुधा मुलांच्या क्रिकेटने व्यापलेले असते. दिवे नसतील, स्वच्छतागृह नसेल, कडेला टवाळांचा कट्टा असेल, तर बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे खेळणे घरचे लोक बंद करतात. नगरपालिकेच्या नकाशावर ते मैदान हिरव्या रंगात असते. तिच्या लेखी ते अस्तित्वातच नसते.

खाद्यपदार्थांचेही असेच. शाळेसमोर पूर्वी बोरे, चिंचा, पेरू, काकडी, उकडलेल्या शेंगा विकणारी बाई बसत असे. फळ नासते, संध्याकाळी उरलेला माल फेकावा लागतो आणि ते नुकसान तिला एकटीला सोसावे लागते. दुकानाच्या दारात माळेसारख्या टांगलेल्या पाच-दहा रुपयांच्या पाकिटांना ही भीती नाही. ती महिनोन्‌महिने टिकतात, घरपोच येतात आणि त्यांची जाहिरात कंपनी करते. या स्पर्धेत पेरू हरतो तो चवीमुळे नव्हे. नासाडीचा बोजा कोणावर पडतो, या हिशेबामुळे हरतो. त्यात पाकिटावरील कर उतरला, म्हणजे हरणाऱ्याला आणखी एक धक्का बसतो. ही दिशा उलटविण्याचा एक प्रयत्न केरळने केला होता. २०१६ साली त्या राज्याने ब्रँडेड उपाहारगृहांतील बर्गर, पिझ्झा यांसारख्या पदार्थांवर १४.५ टक्के कर बसविला. पुढच्याच वर्षी वस्तू व सेवा कर आला आणि तो प्रयोग त्यात विरून गेला.

पन्नास मीटरांचे कुंपण

कायद्याने वस्तीची दखल घेतलेलीच नाही, असे मात्र नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० साली शालेय आहाराविषयी विनियम केले व ते जुलै २०२१ पासून अमलात आले. मेद, मीठ व साखर अधिक असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरांच्या आत विकू नयेत, असा त्यांत दंडक आहे. तत्त्व योग्य आहे. पण हे अंतर किती? शाळा सुटल्यावर धावत निघालेले मूल ५० मीटर अर्ध्या मिनिटाच्या आत ओलांडते.

या अंतराचा विचार करताना कॅलिफोर्नियातील एक अभ्यास ध्यानात घेण्याजोगा आहे. जेनेट करी आणि अन्य तीन अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे ३० लाख शाळकरी मुलांची माहिती तपासून २०१० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नववीतील मुलांच्या शाळेपासून एक दशांश मैलाच्या, म्हणजे सुमारे १६० मीटरांच्या आत झटपट खाद्यपदार्थांचे उपाहारगृह असेल, तर लठ्ठपणाचे प्रमाण निदान ५.२ टक्क्यांनी अधिक आढळले. तेच उपाहारगृह पाव मैलावर असले, तर असा परिणाम दिसला नाही. थोडक्यात, अंतर ही खरोखरीच किंमत आहे; ती वाढली की मागणी घटते. परंतु आपले कुंपण १६० मीटरांच्या एक तृतीयांशाइतकेही नाही. लंडन शहराच्या २०२१ च्या विकास योजनेने शाळेपासून चालत ४०० मीटरांच्या आत गरम खाद्यपदार्थांची नवी ‘टेक-अवे’ दुकाने काढण्यास प्रतिबंध केला आहे. आपल्या दाटीच्या शहरांत ४०० मीटर शक्य नाहीत, हे खरे. तेवढ्या अंतरात दुसरी शाळाच लागावयाची! म्हणूनच केवळ बंदीच्या वाटेने फार पुढे जाता येणार नाही, आणि वडापावच्या गाडीवाल्याची गाडी उचलून नेणे हा तर या प्रश्नाचा सर्वांत सोपा व सर्वांत अन्यायाचा उपाय ठरेल. पाकिटांची माळ पक्क्या दुकानात सुरक्षित राहील आणि रोजगार जाईल तो रस्त्यावरच्या माणसाचा.

पुरावा किती भक्कम?

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. एखाद्या वस्तीत लठ्ठ मुले अधिक आढळली, म्हणजे वस्तीने त्यांना लठ्ठ केले, असे लगेच सिद्ध होत नाही. विशिष्ट उत्पन्नाची, विशिष्ट सवयींची कुटुंबे विशिष्ट वस्त्यांत एकत्र येतात; तेव्हा परिणाम वस्तीचा की कुटुंबाचा, हे वेगळे काढणे कठीण असते. ही अडचण ओलांडण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न अमेरिकेत झाला. १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजल्स आणि न्यू यॉर्क या पाच शहरांत सरकारी वसाहतींतील गरीब कुटुंबांच्या चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांतील काहींना, गरिबीचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी असलेल्या वस्तीतच घर घेता येईल, अशा अटीवर भाड्यासाठी साहाय्य मिळाले. निवड नशिबाने झालेली असल्यामुळे पुढे दिसणारा फरक वस्तीचा मानता येणार होता.

दहा ते पंधरा वर्षांनी या कुटुंबांतील स्त्रियांची तपासणी झाली व तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. साहाय्य देऊ केलेल्या स्त्रियांत ‘बॉडी मास इंडेक्स’ ३५ किंवा त्याहून अधिक असलेल्यांचे प्रमाण, साहाय्य न मिळालेल्यांपेक्षा सुमारे साडेचार टक्क्यांच्या फरकाने कमी होते. रक्तातील साखर मधुमेहाच्या पातळीला पोहोचलेल्यांच्या प्रमाणातही जवळजवळ तेवढाच फरक होता. मुलांच्या वजनावर मात्र असा स्पष्ट व टिकाऊ परिणाम दाखविता आला नाही.

या अनुभवाचा अर्थ नीट लावावयास हवा. वस्ती बदलली की मूल आपोआप सडपातळ होते, असे म्हणणाऱ्यांची त्यात निराशा होईल. पण वस्तीचा देहाशी संबंधच नाही, असे म्हणणाऱ्यांनाही त्यात आधार सापडणार नाही. केवळ श्रीमंत शेजार लाभल्याने मुलाला मैदान मिळते किंवा शाळेचा रस्ता पायी चालण्याजोगा होतो, असे नाही. आपल्याकडे तर हे अधिकच खरे आहे. सुखवस्तू वसाहतींत पोहण्याचे तलाव असतात, तरी शाळेला जाणे-येणे बसने आणि खाणे घरपोच असते. म्हणून वस्ती गरीब की श्रीमंत, याहून तिच्यात मुलासाठी कोणती गोष्ट सुलभ आणि कोणती दुर्लभ आहे, हे पाहणे अगत्याचे. वस्ती मुलाचे भवितव्य ठरवीत नाही. ती भाव ठरविते.

मैदाने गेली कोठे?

हे भाव निसर्गाने ठरविलेले नाहीत. केंद्र सरकारच्या नगररचनाविषयक २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे म्हटले आहे. मुंबई या मापाच्या जवळपासही नाही. पण संधी आली नव्हती, असे नाही. गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ साली केलेल्या विकास नियंत्रण नियमावलीत स्थूलमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली मालकांसाठी, अशी वाटणी होती. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. प्रकरण न्यायालयात गेले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती ग्राह्य ठरविली. सुमारे ६०० एकरांच्या त्या पट्ट्यात आज मनोरे आणि मॉल उभे आहेत. गिरणगावातील कामगारांच्या नातवंडांच्या वाट्याला जी मैदाने येऊ शकली असती, ती कागदावरच्या एका शब्दयोजनेने गेली.

अन्य शहरांतही हीच गोष्ट लहान प्रमाणावर घडते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम १२७ प्रमाणे, आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही संपादन झाले नाही तर आरक्षण रद्द होते. मालकाची जमीन वर्षानुवर्षे अडकवून ठेवू नये, हा या कलमाचा हेतू न्याय्य आहे. परंतु मुदत हलक्या पावलाने निघून जाते, पालिकेच्या तिजोरीत पैसा नसतो, आणि क्रीडांगणाचे आरक्षण असलेल्या जागेवर एके दिवशी पाया खणला जातो. जमिनीचा भाव दिसतो. मैदान गेल्याचा खर्च वीस वर्षांनी, मधुमेहाच्या गोळ्यांच्या रूपाने, वेगळ्याच माणसाच्या खिशातून जातो. बाजार हा हिशेब करू शकत नाही. तो करण्यासाठीच नगरपालिका असते.

करण्याजोगे

नवी जमीन निर्माण करता येत नाही. परंतु असलेली खुली करता येते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने प्रत्येक शाळेला क्रीडांगण आवश्यक केले आहे. ज्या शाळांना ते आहे, त्यांची फाटके संध्याकाळी बंद असतात, किंवा लग्नसमारंभासाठी उघडतात. शाळा सुटल्यावर दोन तास ती वस्तीतील मुलांना मोकळी ठेवावयाची, पहारेकरी आणि दिवे यांचा खर्च पालिकेने सोसावयाचा, आठवड्यातील काही दिवस मुलींसाठी राखून ठेवावयाचे, ही योजना खर्चाची नाही. तीत अडचण आहे ती जबाबदारीची: कोणाला इजा झाली तर मुख्याध्यापक अडचणीत येतात. ती जबाबदारी पालिकेने लेखी आपल्याकडे घेतली, तर अनेक फाटके उघडतील.

दुसरे असे की, २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाप्रमाणे नगर पथविक्रेता समित्या स्थापावयाच्या आहेत. शाळेजवळच्या जागा ठरविताना फळे, शेंगा, चिक्की विकणाऱ्यांना अग्रक्रम व शुल्कात सूट देणे त्यांच्या आवाक्यात आहे. तिसरे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला; त्या तपासण्यांत मुलांची उंची व वजन मोजले जाते. मुलाचे नाव न घेता हे आकडे प्रभागवार मांडले आणि त्यांच्या शेजारी त्या प्रभागातील मैदाने, पदपथ व शाळेजवळची दुकाने यांचा तक्ता ठेवला, तर नगरसेवकाला जाब विचारण्यासाठी नागरिकांच्या हाती काहीतरी येईल. मात्र एक पथ्य पाळावयास हवे: वजनाचा आकडा वर्गात मोठ्याने वाचला जाऊ नये. चिडविण्याने कोणाचे वजन उतरत नाही. मूल मात्र मैदानापासून दूर पळते.

कुटुंबाची जबाबदारी यातून संपत नाही. घरचा डबा, जेवणाची वेळ, मोबाइलची शिस्त ही घरानेच सांभाळावयाची आहेत, आणि एकाच वाड्यातील दोन मुलांची वजने निरनिराळी असतात हेही खरेच आहे. परंतु उतारावर उभे करून ‘घसरू नकोस’ असे बजावणे हा उपदेश फार काळ टिकत नाही. साखरेचा फलक शाळेच्या भिंतीवर अवश्य लागावा. मात्र तो वाचून बाहेर पडणाऱ्या मुलीला पुढच्या पाचशे पावलांत काय विकत मिळते आणि कोठे धावता येते, याचे उत्तर शिक्षण मंडळाला किंवा तिच्या आईला देता येणार नाही. ते नगरपालिकेच्या विकास आराखड्यात लिहिलेले असते, आणि त्या आराखड्यावर हरकती व सूचना नोंदविण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. तो हक्क बजावणाऱ्यांत बांधकाम व्यावसायिकांच्या जोडीला पालकही दिसू लागतील, त्या दिवसापासून काट्यावरचा आकडा बदलावयास सुरुवात होईल.